आईची रिंग (पेसरी): पाच महिने झाले, आता डाग दिसतोय

शेवंती

विषय अवघड आहे. पण इथे मूळव्याधीवर आणि सासऱ्यांच्या कवळीवरही शंभर-शंभर प्रतिसाद आलेले पाहिलेत, तेव्हा हाही निघू दे.

आई ७२ वर्षांची, कराडजवळच्या गावात असते. पाच बाळंतपणं, त्यातली चार घरीच, सुईणीच्या हातची. तिसऱ्या वेळी दोन दिवस अडली होती म्हणे. आणि त्याच बाळाच्या बारशाचं पाणी तिनेच विहिरीवरून आणलं होतं. गेल्या दिवाळीत तिचा हात प्लॅस्टरमध्ये होता म्हणून मी तिला अंघोळ घालत होते. पाटावर बसताना तिने पटकन लुगडं पुढे ओढलं. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "काही नाही गं, अंग बाहेर येतं जरा."

जरा म्हणजे पेरूएवढा गोळा. आणि अकरा वर्षं! लघवीला बसली की बोटांनी आत ढकलायची, मग धार सुटायची. जुन्या धोतराची घडी लंगोटासारखी बांधून वावरायची. वारी सोडली ती गुडघ्यांमुळे, असं आम्ही सगळे समजत होतो.

तपासणीत तिसऱ्या पायरीचा प्रोलॅप्स निघाला, गर्भाशय आणि लघवीची पिशवी दोन्ही खाली आलेली. हृदयाचं पंपिंग ३० टक्के, त्यामुळे भूलतज्ज्ञ म्हणाले ऑपरेशन नको. मग रिंग बसवली. सिलिकॉनची, मधे भोकाभोकांचा पडदा असलेली. ६५ मिलिमीटरची आधी घातली, ती दवाखान्याचा जिना उतरतानाच खाली आली. मग ७० ची बसली.

तीन महिने नुसता आनंद. देवळात मांडी घालून बसायला लागली. आता मात्र आत चुरचुरतं, पिवळट पाणी जातं, वास येतो आणि परवा फडक्याला गुलाबी डाग दिसला. जिथे बसवली तिथे फोन केला, तर "सहा महिन्यांची तारीख दिलीय ना, तेव्हा या." पाळी जाऊन चोवीस वर्षं झाली, हे रक्त कुठून येतंय? रिंग काढून टाकावी का? वहिनी म्हणते तुरटीच्या पाण्याने धुवा.

निशिगंध५८

तारखेची वाट बघू नकोस. दुसरीकडे ने, पण याच आठवड्यात.

आणि वहिनीला सांग, तुरटी दाढीनंतर लावायला ठेव.

कुंडीवाली

मी स्त्रीरोग विभागात परिचारिका म्हणून ३४ वर्षं काढली, आता फक्त झाडं बघते. शेवंती, मी डॉक्टर नाही आणि आईंना पाहिलेलंही नाही, पण हे चित्र मी इतक्यांदा पाहिलंय की थोडं सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट रक्ताची. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला तरी त्याची तपासणी होतेच. रिंग आहे म्हणून "रिंगेचंच असेल" असं घरी ठरवायचं नाही. बहुतेकदा रिंगेनेच खरचटलेलं असतं, पण गर्भाशयाच्या अस्तरातून येतंय की काय हे आधी बघायला लागतं. सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात. ४ मिलिमीटरच्या आत असेल तर सहसा काळजी नसते, जास्त असेल तर तुकडा काढून तपासतात. रिंग बाहेर काढून, आत उजेड टाकून, भिंती चारी बाजूंनी बघायला हव्यात. रिंग आत ठेवूनच वरवर बघितलं आणि "ठीक आहे" म्हटलं तर ती तपासणी धरू नकोस.

दुसरी गोष्ट अशी की रिंगेला उगाच दोष देतात. रिंग पाच महिन्यांत बदललेली नसते. ती ज्या कातडीला टेकून बसली आहे, ती कातडी चोवीस वर्षं कोरडी पडत आलेली असते. अंडाशयं थांबली की इस्ट्रोजेन जातं. त्याच्यावर पोसलेलं योनीचं अस्तर पातळ होतं, सुरकुत्या सपाट होतात, ओल कमी होते. तिथे राहणारे चांगले जंतू, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंदच म्हणा, अस्तरातल्या साखरेवर जगतात. साखर संपली की तेही जातात. तरुणपणी तिथला सामू (pH) ४ च्या आसपास, चांगला आंबट असतो. तो ५ च्या वर गेला की भलतेसलते जंतू घर करतात. म्हणून वास, म्हणून चुरचुर, म्हणून सारखी लघवीची जळजळ. आता अशा कागदासारख्या भिंतीवर चोवीस तास एक कडी टेकवून ठेवली तर काय होणार? नव्या चपलेने टाच सोलते तसं होतं.

यावर उपाय म्हणजे इस्ट्रोजेनचं क्रीम, आतून लावायचं. आपल्याकडे एस्ट्रिऑलचं सर्रास मिळतं. साधारणपणे पहिले दोन-तीन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा देतात. आईंना किती ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. रिंग बसवताना हे दिलं होतं का?

शेवंती

चिठ्ठीवर होतं! मेडिकलवाल्याने दिलंही. आतला कागद भावाने वाचला, त्यात कॅन्सर, हृदयविकार, रक्ताची गाठ असं सगळं लिहिलेलं. हार्टच्या बाईला हे कसं द्यायचं म्हणून त्याने ती ट्यूब फ्रीजच्या दारात ठेवून दिली. अजून सीलबंद आहे.

कुंडीवाली

अर्ध्या महाराष्ट्रातल्या फ्रीजच्या दारात ती ट्यूब सीलबंद पडलेली असेल.

ती भीती आली कुठून ते सांगते. २००२ च्या जुलैत अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मधेच थांबवला. त्यात बायकांना *तोंडावाटे* दोन हार्मोन्सच्या गोळ्या देत होते आणि स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं. ती गोळी रक्तातून सगळ्या अंगभर फिरते. योनीत लावायच्या क्रीमचा डोस अगदी कमी, रक्तात जातो तो नाममात्र. पण इशारा मात्र सरसकट सगळ्यांच्याच खोक्यात गेला. तिकडच्या औषध प्रशासनानेच २०२५ च्या नोव्हेंबरात हे ठळक इशारे काढायचं जाहीर केलं. तरीही हृदयाच्या डॉक्टरांच्या कानावर घाला, ते नाही म्हणण्याची शक्यता कमीच.

अबोली_फुले

मध्येच विचारते. मला ६१ वर्षं, चार वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग, अजून लेट्रोझोल चालू. मलाही रिंग सुचवली आहे. मग क्रीम?

कुंडीवाली

तुमची गोष्ट वेगळी, ताई. लेट्रोझोल शरीरातलं उरलंसुरलं इस्ट्रोजेन बंद करण्यासाठीच असतं, तेव्हा कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रीमला हात लावायचा नाही. आधी बिनहार्मोनचे उपाय करतात. हायल्युरॉनिक आम्लाचं जेल मिळतं, ते आठवड्यातून दोन-तीनदा नियमाने लावायचं, फक्त त्रास होईल तेव्हा नव्हे. रिंग बसवता येते, पण तपासणीचं अंतर कमी ठेवा. एवढं करूनही भागलं नाही, तर दोन्ही डॉक्टर एकत्र बोलून ठरवतात.

विदर्भातली_आत्या

माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगते, म्हणजे रिंग "बसवून विसरणं" काय असतं ते कळेल.

एका शिबिरात बसवली होती. कोणी बसवली, केव्हा परत यायचं, कागद नाही, काही नाही. सासूबाईंनी कुणाला सांगितलंच नाही. सासरे गेले, मग तर तो विषयच संपला. सात वर्षांनी खोलीत वास यायला लागला. आम्ही गादी बदलली, फरशी फिनेलने पुसली, उंदीर मेलाय म्हणून माळा उपसला. शेवटी लघवीत रक्त आलं तेव्हा नागपूरला नेलं. रिंग जुन्या प्लॅस्टिकची, कडक झालेली, आणि भिंतीचं मांस तिच्यावरून वाढून ती अर्धी आत गाडली गेलेली. ओढून काढता येईना. तीन आठवडे क्रीम लावून कातडी मऊ केली, मग भूल देऊन, कापून तुकड्यातुकड्यांनी काढली. डॉक्टर म्हणाले नशीब, लघवीच्या पिशवीला भोक पडलं नाही, नाहीतर जन्मभर गळत राहिलं असतं.

सासूबाई नंतर मला म्हणाल्या, "मला वाटलं बाई म्हातारपणाचा वास असाच असतो."

शेवंती

आत्या, वाचून पोटात कालवलं. उद्याचीच वेळ घेतली आहे, साताऱ्याला.

बांधावरचा

पुरुषांनी इथे लिहावं का माहीत नाही. पण मला आज कळलं की माझी आजी गोधडीच्या चिंध्यांचा गोळा करून का ठेवायची. आम्ही पोरं तो चेंडू समजून खेळायला मागायचो आणि ती मारायला धावायची.

कुंडीवाली

लिहा हो, अवश्य लिहा. औषधाच्या दुकानात तुम्हालाच पाठवतात.

चिंध्याच काय, बटाटा, कांदा, रबरी चेंडू, सगळं पाहिलंय. हसू नका कुणी. ज्या बाईने स्वतःच्या अक्कलहुशारीने खाली येणारं अंग वर धरून ठेवलं आणि लावणी-खुरपणी केली, तिने पेसरीच शोधून काढली होती. ग्रीक वैद्य अर्धं डाळिंब घालायचे. सुश्रुतसंहितेत योनीच्या विकारांत 'स्रंसिनी' म्हणजे घसरणारी योनी आहे. दुखणं जुनंच आहे, फक्त त्यावर बोलायचं नसतं.

किती बोलायचं नसतं, तर राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या, १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं ते. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. आणि त्याआधी कधी तरी आतून तपासणी झालेल्या किती? ८ टक्के. आमच्या मॅट्रनबाईंनी तो आकडा खडूने फळ्यावर लिहून ठेवला होता, वर्षभर पुसू दिला नाही.

चौकस

एक भाबडा प्रश्न. गर्भपिशवीच काढून टाकली तर कटकट मिटत नाही का? आमच्याकडे (बीड) तर उठसूट काढतात.

कुंडीवाली

नाही मिटत. पिशवी खाली येते ती तिला धरणारे स्नायू आणि पडदे सैल झाले म्हणून. पिशवी काढली तरी सैलपणा तिथेच राहतो. मग योनीचं वरचं टोकच मोज्यासारखं उलटं होऊन खाली येतं, तोही प्रोलॅप्सच. तुमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती काढल्या गेल्या ते २०१९ मध्ये सरकारी पाहणीत बाहेर आलं, तेरा हजारांवर. त्यातल्या कित्येकी तिशी-चाळिशीतल्या. अंडाशयंही गेली असतील तर कोरडेपणा पंचेचाळिशीची वाट बघत नाही.

प्रोलॅप्सचं ऑपरेशन वेगळं, आणि चांगलं केलेलं ऑपरेशन चांगलंच असतं. पिशवी न काढता ती वर टांगायची पद्धत गोव्याच्या डॉ. शिरोडकरांनी बसवली, मुंबईच्या डॉ. पुरंदऱ्यांची वेगळी आहे. जगभर या दोन मराठी नावांनी त्या शस्त्रक्रिया ओळखतात आणि आपल्याला मात्र अंग बाहेर येतं हे तोंडाने म्हणवत नाही.

निशिगंध५८

रिंग फक्त म्हाताऱ्यांना आणि ऑपरेशन न झेपणाऱ्यांनाच, असा समज होऊ नये म्हणून लिहिते. मी ५८, मधुमेह आहे, बाकी ठणठणीत. दोन वर्षं रिंग वापरते. योगवर्गाला जाते, गेल्या वर्षी हरिश्चंद्रगड केला. शनिवारी रात्री काढते, धुते, रविवारी सकाळी घालते. कधी तशीच राहिली तरी नवऱ्याला कळत नाही. इथे माझं खरं नाव कुणाला माहीत नाही म्हणून हे लिहू शकले.

रिंग प्रत्येकीला बसतेच असंही नाही. माझ्या बहिणीची तीन मापं करून पाहिली, तिन्ही सटकली. तिने ऑपरेशन केलं आणि ती खूश आहे.

ग्लासगोकर

मी पेल्विक फिजिओ, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवते, मूळची सांगलीची. इकडे हे रोजचंच काम.

नेदरलँड्समध्ये ४४० बायकांचे दोन गट करून तुलना केली होती, २०२२ मध्ये छापून आली. दोन वर्षांनी पेसरीच्या गटातल्या ७६ टक्के आणि ऑपरेशनच्या गटातल्या ८१ टक्के बायका म्हणाल्या की बरं वाटतंय. पण पेसरीने सुरुवात केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी पुढे ऑपरेशनच करून घेतलं. दोन्ही आकडे एकत्र वाचायचे, म्हणजे कुणाचीच बाजू घेतल्यासारखं होत नाही.

मला त्याहून आवडता अभ्यास आमच्याकडचा, 'टॉप्सी' नावाचा. ३४० बायका. निम्म्यांना रिंग स्वतः काढायला-घालायला शिकवलं, निम्म्या दवाखान्यात यायच्या. १८ महिन्यांनी आयुष्य दोघींचं सारखंच सुधारलं होतं, पण स्वतः हाताळणाऱ्यांना त्रास कमी झाला आणि खर्चही कमी आला. काढलेली रिंग म्हणजे कातडीला सुट्टी, इतकं साधं आहे ते. शेवंती, आईला शिकवता येईल का बघ. ७२ म्हणजे काही फार नाही. माझी सर्वात मोठी विद्यार्थिनी ८४ ची होती.

काढताना एक पाय स्टुलावर ठेवायचा किंवा उकिडवं बसायचं. भारतीय बायकांना उकिडवं जमतं, इथे तेच शिकवण्यात माझा निम्मा वेळ जातो. तर्जनी रिंगेच्या कडेत अडकवून खाली-बाहेर. बोट पोचत नसेल तर रिंगेला डेंटल फ्लॉसचा दोरा बांधून ठेवतात. साधा साबण आणि पाणी. डेटॉल नको, आत कुठलाही 'वॉश' नको. घालताना रिंग पुरीसारखी दुमडायची, कडेला थोडं क्रीम.

पण हे कडीसारख्या रिंगेपुरतं. घनाकृती पेसरी रोज रात्री काढावीच लागते, आणि बटणासारखा दांडा असलेली सहसा डॉक्टरच काढतात. आईकडची कुठली आहे ते नीट विचारून घे.

चौकस

पुरीसारखी 😄 आता पाणीपुरी खाताना हे आठवणार.

मनीषा_क

असले विषय खुल्या पानावर हवेत का? मुलंही वाचतात.

विदर्भातली_आत्या

वाचू देत. सात वर्षांपूर्वी माझ्या मुलाने वाचलं असतं तर माळा उपसायची वेळ आली नसती.

शेवंती

जाऊन आलो. डॉक्टरबाईंनी रिंग काढून बघितलं. मागच्या भिंतीवर शेंगदाण्याएवढं सोललं आहे, रक्त तिथूनच. अस्तर ३ मिलिमीटर, म्हणजे ते ठीक. मूत्रपिंडंही बघितली, कारण अंग फार खाली आलं की लघवीच्या नळ्या मुडपून वर सूज येऊ शकते म्हणे. तीही ठीक आहेत. वासासाठी पाच दिवसांचं औषध. तीन आठवडे रिंग बंद आणि रोज रात्री क्रीम. हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले "खुशाल लावा", आणि वर, "बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथणं तिच्या हृदयालाही नको आणि खालीही नको." भाऊ गप्प.

आईला तीन आठवडे पुन्हा तो गोळा. रडली. "पुन्हा लंगोट आला गं माझ्या नशिबी."

कुंडीवाली

होतं तसं. आडवी पडून राहू दे दुपारची, पाय उशीवर. पाण्याची कळशी कुणी उचलायला लावू नका. खोकला असेल तर त्याचं औषध करा.

शेवंती

तीन आठवडे झाले, पुन्हा गेलो. जखम भरली. बाई म्हणाल्या कातडी गुलाबी झालीय, आधी पांढरीफटक होती. रिंग परत बसवली. बसवल्यावर रिंग आणि भिंत यांच्यामध्ये बोट सहज फिरतं का ते बघितलं. मग खोकायला लावलं, उकिडवं बसवलं, जिना चढवला-उतरवला आणि लघवी करून ये म्हणाल्या. पहिल्या ठिकाणी यातलं जिन्यापुरतंच झालं होतं, तेही योगायोगाने.

एक नवीन झालंय. खोकलं की दोन थेंब गळतात, आधी गळत नव्हतं. रिंग चुकली का?

ग्लासगोकर

नाही. आधी लघवीची पिशवी खाली लोंबत होती आणि मूत्रनळी मुडपलेली होती, नळावरचा पाइप मुडपला की पाणी थांबतं ना तसं. रिंगेने ती सरळ केली, मग लपलेली गळती दिसायला लागली. दोन थेंबांसाठी व्यायाम पुरतो. वारा अडवून धरल्यासारखे खालचे स्नायू आत-वर ओढायचे, सहा ते दहा आकडे मोजेपर्यंत धरायचे, सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या ढिल्या. लघवी करताना मध्येच थांबवून सराव करू नये. वाढलं तर मला कळव, वेगळ्या आकाराची रिंगही मिळते.

शेवंती

आई जपाच्या माळेवर मोजते आता. देवासमोर बसून. नातवाला वाटतं आजीची साधना वाढली आहे.

आणि सर्वात मोठी बातमी. काल आईने रिंग स्वतः काढली. मी मोरीच्या दाराबाहेर उभी होते, दहा मिनिटं काही आवाज नाही, माझा जीव वरखाली. मग आतून म्हणाली, "अगं, हे तर घट्ट बांगडी उतरवण्यासारखं आहे. जोर लावला तर अडते, साबणाचा हात लावून तिरकी केली की येते." धुतली, दोऱ्याला अडकवून खिडकीत वाळत घातली (तिथून मी लगेच काढली, समोर टेलरचं दुकान आहे), आणि सकाळी परत घातली.

किती दिवसांनी काढायची यावर बाई म्हणाल्या होत्या आठवड्याने किंवा पंधरवड्याने, जमेल तसं. आईने ठरवलंय एकादशीला. महिन्यातून दोन येतात, पंचांगात बघायला लागत नाही, आणि त्या दिवशी स्वयंपाकही कमी असतो. क्रीम मंगळवारी आणि शुक्रवारी. पंचांगावर पेन्सिलीने खुणा करून ठेवल्यात, वहिनीला फक्त खुणा दिसतात.

विदर्भातली_आत्या

अधिक महिना आला तर?

शेवंती

विचारलं. म्हणाली, मग दोनदा जास्त धुवायची.

बांधावरचा

ताई, साताऱ्याच्या बाईंचा पत्ता व्यक्तिगत निरोपात द्याल का? मावशीसाठी हवाय.

शेवंती

पाठवला. जाताना मावशीला सुती साडी नेसव आणि चिठ्ठीवर रिंगेचं माप लिहून घे, दुसरीकडे गेलात तर तेच पहिल्यांदा विचारतात.